वस्तूची वार्ता

कादंबरीतील एखादे वर्णन निर्जीव वाटले, त्यात तपशील पुष्कळ पण निवड नाही असे दिसले, की ते 'छायाचित्रासारखे' आहे असा शेरा मारून समीक्षक मोकळा होतो. हा शेरा मराठीत रूढ आहे. इतर भारतीय भाषांच्या समीक्षेलाही तो अपरिचित नाही. त्याच्यामागे एक गृहीत दडलेले असते. कॅमेरा वस्तूला जशीच्या तशी टिपतो. तो निवडीत नाही, म्हणून तो पाहतही नाही. आणि जेथे पाहणे नाही तेथे कला कोठून असणार? ह्या गृहीताची परीक्षा करावयाची तर माणसांची किंवा निसर्गदृश्यांची छायाचित्रे घेऊन फारसे साधणार नाही. माणसाच्या चेहऱ्याला स्वतःचे नाट्य असते, डोंगराला भव्यता असते. चित्रातील गुण कोणाच्या पदरात टाकावा हे ठरविणे तेथे अवघड होऊन बसते. बशी, खराटा, वाडगा, भोपळी मिरची, पक्कड ह्यांच्याकडे एरवी कोणी ढुंकून पाहत नाही. अशा वस्तू कॅमेऱ्यापुढे ठेवल्या म्हणजे मात्र प्रश्न उघडा पडतो. छायाचित्रणाच्या इतिहासात असे प्रयोग वारंवार झाले आहेत, आणि ते करणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली दृष्टी वस्तुनिष्ठ असल्याचे आग्रहाने सांगितले आहे. त्यांनी सांगितले काय आणि प्रत्यक्षात केले काय, ह्यांतील अंतर मोजून पाहण्याजोगे आहे.

मूळ प्रश्न अर्थात् कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना. स्वभावोक्ती हा अलंकार मानावा की न मानावा, ह्याविषयी संस्कृत साहित्यशास्त्रात जो वाद झाला तो ह्याच प्रश्नाभोवती फिरतो. सूर्यास्त, चंद्रोदय आणि घरट्यांकडे परतणारे पक्षी ह्यांची साधी नोंद उदाहरणादाखल पुढे करून भामहाने तिला काव्य म्हणण्याचे नाकारले आणि 'वार्ता' ह्या नावाने तिची बोळवण केली. दण्डीने उलट स्वभावोक्तीला अलंकारांत पहिले आसन दिले. कुन्तकाचा आक्षेप तर्काचा होता : वस्तूचा स्वभाव हाच जर अलंकार, तर अलंकृत करावयाचे ते उरले काय? कोणी आपल्याच खांद्यावर चढून बसू शकत नाही. ह्या वादातील सर्वांत सूक्ष्म विचार महिमभट्टाचा आहे. त्याच्या मते वस्तूची रूपे दोन. एक सामान्य, जे शब्द उच्चारताच कोणाच्याही मनात उभे राहते, आणि दुसरे विशिष्ट, जे प्रत्यक्षाला गोचर होते आणि ज्याला स्पर्श करण्याचे सामर्थ्य कवीच्या प्रतिभेत असते. 'खराटा' म्हटल्यावर मनात येतो तो पहिला. भिंतीला टेकलेला, एका अंगाने झिजलेला, अमुक एका दिवसाच्या उन्हातला, तो दुसरा. स्वभावोक्ती ही ह्या दुसऱ्याची उक्ती होय. १८५९ साली बोदलेअरने छायाचित्रणाला विज्ञानाची आणि कलांची दासी होऊन राहण्यास फर्मावले व त्याला छपाई आणि लघुलेखन ह्यांच्या पंक्तीला बसविले, तेव्हा तो नकळत भामहाचाच पक्ष मांडीत होता. महिमभट्टाचा पक्ष मांडणारा शास्त्रकार तेथे कोणी नव्हता. तो पक्ष हळूहळू, काचांच्या आणि कागदांच्या आधाराने, मांडला गेला.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या लॅकॉक येथील जमीनदार. गणित, प्रकाशशास्त्र आणि प्राचीन भाषा ह्यांचा व्यासंगी. कागदावर निगेटिव्ह घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत त्याची. तिची ओळख करून देण्यासाठी त्याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक १८४४ ते १८४६ ह्या काळात सहा भागांत प्रसिद्ध केले. त्यात एकंदर २४ चित्रे होती आणि प्रत्येकासोबत थोडा मजकूर. तिसरे चित्र चिनी मातीच्या भांड्यांचे आहे. चार फळ्यांवर कप, बश्या, फुलदाण्या, लहान लहान पुतळ्या मांडलेल्या. त्यांत ना कथा, ना प्रसंग, ना माणूस. सोबतच्या मजकुरात टॅल्बट म्हणतो त्याचा आशय असा, की संग्राहकाच्या कपाटातील सर्व वस्तूंची लेखी यादी करण्यास जितका वेळ लागेल त्याहून कितीतरी कमी वेळात ही चित्रित यादी तयार होते. आणि पुढेमागे एखाद्या चोराने हा ठेवा लांबविला तर चित्राची ही मूक साक्ष न्यायालयात उभी करता येईल. चित्र म्हणजे पुरावा, ही कल्पना येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेली दिसते. भामहाची 'वार्ता' येथे निंदा राहिली नाही. उलट, तिची उपयुक्तता हेच तिचे भूषण झाले.

परंतु त्याच पुस्तकातील सहावे चित्र ह्या भूमिकेत मावत नाही. 'उघडे दार' हे त्याचे नाव. तबेल्यासारख्या जुन्या इमारतीचे दार अर्धवट उघडे आहे, आत अंधार आहे, दाराशी खराटा तिरपा टेकला आहे आणि त्याची सावली दारावर पडली आहे. एका बाजूस कंदील, दुसऱ्या बाजूस घोड्याची लगाम. रोजच्या परिचयातील दृश्ये चित्रविषय म्हणून घेण्यास डच चित्रकारांचा आधार पुरेसा आहे, असे टॅल्बट येथे सांगतो. ज्याच्याकडे साधा माणूस लक्षही देत नाही तेथे चित्रकाराची नजर थबकते, असाही त्याचा अभिप्राय आहे. हा खराटा कोणी मोलकरणीने झाडलोट करता करता तेथे ठेवला होता, असे पाहणाऱ्याला वाटावे अशी सारी रचना आहे. वस्तुतः तो ठेवलेला आहे. टॅल्बटने हीच कल्पना आधीही करून पाहिली होती, आणि तशा एका पूर्वीच्या चित्राला त्याच्या आईने 'खराट्याचे स्वगत' असे नाव दिले होते. घरातल्या एका स्त्रीने लीलेने दिलेले हे नाव पुढच्या शंभर वर्षांतील पुष्कळ सिद्धान्तांपेक्षा नेमके आहे. वस्तूला बोलू द्यावयाचे, पण तिच्यासाठी रंगमंच कोणीतरी उभारावयाचा, हे त्या नावात येऊन जाते.

कॅमेऱ्याच्या 'जशास तशा'पणाला टॅल्बटच्या मजकुरातच आणखी एक मर्यादा नोंदलेली आहे, आणि ती कोणाच्या इच्छेवर अवलंबून नव्हती. काचेच्या वस्तू आणि पांढरी चिनी भांडी एकत्र ठेवून चित्र नीट येत नाही, असे तो लिहितो, कारण चिनी भांड्यांची प्रतिमा पुरी होते तेव्हा काचेची जेमतेम सुरू झालेली असते. निळी वस्तू त्या काळच्या कागदावर जवळजवळ पांढऱ्या वस्तूइतक्याच वेगाने उमटे. हिरव्याचा परिणाम अगदी मंद होई. म्हणजे यंत्रालाही त्याचा पक्षपात होताच. तो मानवी नव्हता एवढेच. ह्याच्या उलट बाजूलाही टॅल्बटचे लक्ष गेले होते. ऑक्सफर्डमधील एका महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराच्या चित्रासोबत तो सांगतो, की चित्र घेणाऱ्याला पुष्कळ दिवसांनी त्यात असे काही सापडते, की जे चित्र घेताना त्याच्या ध्यानीमनीही नव्हते : भिंतीवरचा लेख, एखादी तारीख, दूरच्या घड्याळाने नोंदवून ठेवलेली वेळ. छायाचित्रकलेचे एक आकर्षण म्हणून तो ह्याचा उल्लेख करतो. खरे पाहता हा आकर्षणाहून मोठा मुद्दा आहे. चित्रकाराच्या चित्रात जे आहे ते त्याने एकदा तरी पाहिलेले असते; छायाचित्रात न पाहिलेलेही येऊन बसते. कॅमेऱ्याची वस्तुनिष्ठता कोठे शोधावयाची असेल तर ती ह्या शिल्लक राहिलेल्या तपशिलात शोधावी. रचना माणसाची असते; ती फोडून आत शिरलेले ते वस्तूचे.

ह्या 'न पाहिलेल्या'ची किंमत किती, हे एका थेंबाने दाखवून दिले. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्रज पदार्थवैज्ञानिक १८७० नंतरच्या दशकापासून एका साध्या घटनेचा अभ्यास करीत होता : पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब पृष्ठभागावर आदळला म्हणजे नेमके काय होते? काळोख्या खोलीत योग्य क्षणी विजेची ठिणगी पाडावयाची, त्या निमिषमात्र उजेडात डोळ्यावर उमटलेली आकृती धरून ठेवावयाची आणि लगेच तिचे रेखाटन करावयाचे, अशी त्याची रीत. रेखाटने अत्यंत सुंदर होती. थेंबाभोवती उसळणारे मुकुट, त्यांच्या समान अंतरावरच्या कळ्या, सर्व काही सममित. १८९४ मध्ये त्याला ह्याच घटनेची छायाचित्रे घेणे साधले. छायाचित्रांतील मुकुट वाकडेतिकडे होते, कळ्या कमीअधिक होत्या, एकही आकृती पुरती सममित नव्हती. वर्दिंग्टनने जुनी टिपणे काढून पाहिली तेव्हा त्याला आढळले, की ओबडधोबड आकृत्या त्याने पूर्वीही पाहिल्या होत्या आणि काढल्याही होत्या. प्रकाशनासाठी निवड करताना मात्र त्या 'अपवाद' म्हणून गळाल्या होत्या. तो खोटे बोलत नव्हता. थेंबाचे सामान्य रूप त्याच्या मनात इतके पक्के होते, की विशिष्ट रूप डोळ्यांसमोर घडूनही त्याच्या लेखी घडले नव्हते. लोरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन ह्यांनी वस्तुनिष्ठतेच्या इतिहासावरील आपल्या २००७ सालच्या ग्रंथाची सुरुवात ह्याच थेंबापासून केली आहे, ती योग्यच म्हटली पाहिजे. त्यांच्या प्रतिपादनाप्रमाणे वस्तुनिष्ठता हा विज्ञानाचा सनातन गुण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेला तो एक नवा आचारधर्म आहे. निवडण्याचा, सुधारण्याचा, सुंदर करण्याचा मोह आवरणे, हे त्याचे पहिले व्रत.

व्रत हा शब्द येथे अलंकारिक नाही. इंग्रजीतील ह्या कल्पनेचा मराठी प्रतिशब्द 'वस्तुनिष्ठता' असा झाला, तेव्हा मूळ शब्दात नसलेली 'निष्ठा' त्यात आली. फ्रेंच आणि जर्मन भाषांत कॅमेऱ्याच्या भिंगालाच 'ऑब्जेक्टिफ', 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणतात. आंद्रे बाझँ ह्या फ्रेंच समीक्षकाने १९४५ च्या आपल्या निबंधात ह्या योगायोगाकडे लक्ष वेधले आहे. तेथे वस्तुनिष्ठता काचेत बसविलेली आहे. मराठी शब्दाप्रमाणे ती माणसाच्या वागणुकीत असावी लागते. भाषांतरात क्वचितच असे घडते, की मूळ शब्दापेक्षा प्रतिशब्द विषयाला अधिक जवळचा असतो.

अमेरिकेत पॉल स्ट्रँडने १९१६ च्या उन्हाळ्यात कनेटिकट राज्यातील ट्विन लेक्स येथे स्वयंपाकघरातील चार वाडगे घेतले आणि त्यांची छायाचित्रे काढली. कॅमेरा इतका जवळ, की वाडग्यांच्या कडा चौकटीबाहेर जातात आणि त्यांचा आकार लहान की मोठा हे उमजत नाही. उरतात त्या कमानी, छायेच्या पट्ट्या आणि उजेडाचे तुकडे. तेथेच त्याने ओसरीवरच्या सावल्यांचेही चित्र घेतले, आणि त्यासाठी गोल टेबल आडवे केले. नव्या घनवादी चित्रकारांनी काय साधले आहे हे समजून घेण्यासाठी आपण हे केले, असे त्याने पुढे सांगितले. ते समजल्यावर तो त्या वाटेने पुन्हा गेला नाही. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या 'कॅमेरा वर्क' ह्या नियतकालिकाचा अखेरचा जोडअंक स्ट्रँडच्या छायाचित्रांना वाहिलेला होता, आणि त्याच वर्षी एका लेखात त्याने निःशेष वस्तुनिष्ठता हे छायाचित्रणाचे सारतत्त्व असल्याचे घोषित केले. घोषणा आणि वाडगे शेजारी ठेवून पाहिले तर गंमत वाटते, कारण ह्या चित्रांत सर्वांत कमी काही असेल तर ती वस्तूच होय. ह्या वाडग्यांतून कोणी काही खाल्ले असेल अशी शंकाही येत नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांनी त्यांचे वर्णन पुरेपूर होते. आणि जे वर्णन इतके पुरेपूर होते तेथे वाडगा हा केवळ निमित्ताला उरलेला असतो. तथापि स्ट्रँडने टेबल आडवे केले हे लपविले नाही, चित्राला 'अमूर्त रचना' असेच नाव दिले; ह्या प्रामाणिकपणात त्याची वस्तुनिष्ठता शोधणे अधिक न्यायाचे होईल.

वस्तुनिष्ठतेचा खरा गाजावाजा झाला तो जर्मनीत. गुस्टाफ हार्टलाउब ह्याने १९२५ मध्ये मानहाइम येथील कलासंग्रहालयात चित्रकारांचे एक प्रदर्शन भरविले व त्याला 'नॉय झाखलिशकाइट', म्हणजे 'नवी वस्तुनिष्ठता', असे नाव दिले. जर्मन 'झाखऽ' म्हणजे वस्तू, आणि त्याचबरोबर प्रकरण, कामाची बाब. 'झाखलिश' मनुष्य म्हणजे भावनेचा पसारा न मांडता मुद्द्याचे बोलणारा. महायुद्धातील पराभव, चलनाचा विध्वंस आणि भावनाविवश चित्रकलेचा कंटाळा ह्यांतून आलेल्या पिढीला हा शब्द ताबडतोब पटला, आणि चित्रकारांपुरता न राहता तो छायाचित्रकारांकडेही गेला. १९२८ साली त्या देशात दोन पुस्तके निघाली, आणि पुढील सर्व चर्चेला ती पुरून उरली आहेत.

पहिले कार्ल ब्लॉसफेल्ड्टचे 'कलेची आदिरूपे'. ब्लॉसफेल्ड्ट (१८६५–१९३२) तरुणपणी लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केलेला, नंतर बर्लिनमधील कलाशाळेत वनस्पतींवरून नमुने घडविण्याचे शिक्षण देणारा अध्यापक. विद्यार्थ्यांना कोंभ, कळ्या, देठ मोठे करून दाखविता यावेत म्हणून त्याने तीस वर्षे, स्वतः जुळविलेल्या कॅमेऱ्याने, साध्या पार्श्वभूमीवर, रस्त्याकडेच्या झाडाझुडपांची छायाचित्रे घेतली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांतील १२० चित्रांचे पुस्तक झाले आणि हा वृद्ध शिक्षक एकाएकी 'आधुनिक' ठरला. नेच्याचा गुंडाळलेला कोंभ धर्मगुरूच्या दंडासारखा दिसतो, एक्विसेटमचे खोड मनोऱ्यासारखे. पाहणारा प्रथम थक्क होतो, आणि मग त्याच्या लक्षात येते, की थक्क करणारी गोष्ट वनस्पती नसून तिचे दसपट, वीसपट मोठे केलेले आकारमान आहे. शिवाय ब्लॉसफेल्ड्ट नको ती पाने छाटून टाकी, देठ सरळ करून घेई. त्याला प्रत्येक रोपट्यात घडणीचा नियम दाखवावयाचा होता. झिजलेले, कीड लागलेले, अपघाताने वाकलेले रोप त्याच्या उपयोगाचे नव्हते. वर्दिंग्टनने ज्या चुकीतून कॅमेऱ्याच्या साह्याने सुटका करून घेतली, तीच ब्लॉसफेल्ड्टने कॅमेऱ्याच्याच साह्याने पुन्हा केली, असे म्हणणे कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

दुसरे पुस्तक आल्बेर्ट रेंगर-पाट्श (१८९७–१९६६) ह्याचे 'जग सुंदर आहे'. शंभर छायाचित्रे : सापाचे डोके, निवडुंग, काचेचे पेले, यंत्रांची चाके, कारखान्यांच्या चिमण्या. रेंगरला पुस्तकाचे नाव साधे 'वस्तू' असे हवे होते. ते खपणार नाही म्हणून प्रकाशकाने बदलले. साहित्याच्या इतिहासात प्रकाशकांनी बदललेली नावे पुष्कळ आहेत, परंतु एका नावामुळे लेखकाच्या संपूर्ण भूमिकेला असे वळण लागल्याचे उदाहरण विरळा. 'वस्तू' हे नाव काहीच कबूल करीत नाही. 'जग सुंदर आहे' हे विधान आहे, आणि विधान म्हटले की त्याला प्रतिवाद आलाच.

तो वाल्टर बेन्यामिनने केला. १९३१ मधील छायाचित्रणाच्या छोटेखानी इतिहासात आणि पुन्हा १९३४ मधील लेखकाच्या उत्पादक भूमिकेवरील निबंधात त्याने ह्या पुस्तकाचे नाव घेऊन सांगितले, की ही कला कोणत्याही डब्याला विश्वाचा अर्थ चिकटवू शकते, परंतु तो डबा ज्या मानवी संबंधांतून आला त्यांपैकी एकही तिला पकडता येत नाही. दैन्य पाहण्यासही ती गोड करून टाकते. ब्रेश्टचा दाखला देऊन तो म्हणतो, की क्रुप कारखान्याचे छायाचित्र त्या संस्थेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ह्याच बेन्यामिनने ब्लॉसफेल्ड्टचे मात्र मनापासून स्वागत केले होते. डोळ्याला अगोचर असलेला दृष्टीचा एक अबोध प्रदेश कॅमेरा उघड करतो, हा त्याचा प्रसिद्ध विचार त्याच इतिहासात, ब्लॉसफेल्ड्टच्या वनस्पतींच्या उल्लेखासह, आलेला आहे. टॅल्बटला दूरच्या घड्याळात जे सापडले त्याचेच हे तात्त्विक रूप.

बेन्यामिनचा आक्षेप आज इतका मान्य झाला आहे, की त्याची तपासणी करण्याची कोणास गरज वाटत नाही. ती केली पाहिजे. रेंगरच्या प्रसिद्ध चित्रांपैकी एक आल्फेल्ड येथील फागुस कारखान्यात घेतलेले आहे : जोडे तयार करण्याच्या कामी येणाऱ्या इस्त्र्यांची रांग, एकीमागे एक, सारख्याच मुठी, सारखीच चकाकी. ह्या मुठी ज्यांच्या हातात दिवसभर असत त्यांचा हात चित्रात नाही. येथे बेन्यामिन बरोबर आहे. त्या इस्त्र्या विकत घेतल्यासारख्या नव्या दिसतात, आणि त्या वस्तूंचे हे जाहिरातीशी असलेले सोयरेपण रेंगरच्या वस्तुनिष्ठतेला डागच लावते. परंतु सर्व शंभर चित्रे अशी नाहीत. जेथे पृष्ठभाग खरवडलेला आहे, काचेला ओघळ आहे, लाकडाला भेग आहे, तेथे चित्र 'सुंदर आहे' एवढेच म्हणून थांबत नाही. फरक विषयात नाही, तंत्रातही नाही. वापराची खूण ठेवली की पुसली, एवढ्याशा निर्णयात आहे. बेन्यामिनने पुस्तकाच्या नावाशी भांडण केले, आणि ते नाव रेंगरचे नव्हते. कुन्तकाचा खांदा येथे आठवतो. वस्तूच्या स्वभावावर 'सुंदर' हा अलंकार म्हणून चढविला की स्वभाव स्वतःच्याच खांद्यावर बसण्याची केविलवाणी कसरत करू लागतो.

एडवर्ड वेस्टनची १९३० मधील भोपळी मिरची ह्याच कसरतीचे अमेरिकन उदाहरण आहे, आणि त्याच्यापाशी फार रेंगाळण्याचे कारण नाही. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली ती मिरची, बाजूने वळून आलेला उजेड, भिंगाचे अगदी लहान केलेले छिद्र, त्यामुळे शेंड्यापासून देठापर्यंत सारखा रेखीवपणा. वस्तू स्वतः, तिचे सारतत्त्व, एवढेच आपल्याला दाखवावयाचे आहे असे वेस्टन म्हणे. पाहणाऱ्यांना तिच्यात मानवी देह दिसे आणि त्याचा त्याला राग येई. चित्राचे नाव 'मिरची, क्रमांक ३०'. हा क्रमांक महत्त्वाचा आहे. आधीच्या एकोणतीस प्रयत्नांनंतरही त्याला मिरचीचे सारतत्त्व तिच्यापाशी आयते मिळाले नव्हते.

वस्तू हलविण्याचा प्रश्न मात्र १९३६ मध्ये अमेरिकेत राजकारणाचा झाला. रूझवेल्ट सरकारच्या ग्रामीण पुनर्वसन खात्याचा तरुण छायाचित्रकार आर्थर रोथस्टीन ह्याने दक्षिण डकोटातील अवर्षणग्रस्त भागात बैलाची एक कवटी पाहिली. भेगाळलेल्या जमिनीवर तिची काही चित्रे घेतली, मग ती उचलून दहाएक फुटांवर गवतात ठेवून आणखी घेतली. निवडणुकीचे वर्ष होते. विरोधी वृत्तपत्रांनी हे हुडकून काढले आणि सरकार 'बनावट' दुष्काळ दाखवीत असल्याचा गिल्ला केला. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती, जमीन खरी होती. टॅल्बटच्या खराट्याला कोणी हरकत घेतली नव्हती, रोथस्टीनच्या कवटीला घेतली, ह्याचे कारण चित्रात नसून चित्राने दिलेल्या वचनात आहे. खराट्याने कोणाला पुरावा देऊ केला नव्हता. ज्या चित्राखाली शासनाचे नाव आहे, ते मात्र टॅल्बटच्या चिनी भांड्यांप्रमाणे न्यायालयात उभे राहण्यास बांधलेले असते. एकाच कॅमेऱ्यातून निघणाऱ्या ह्या दोन प्रकारच्या वचनांतील भेद त्या वर्षी वृत्तपत्री गदारोळात कोणी स्पष्ट केला नाही, आणि समीक्षेनेही तो पुढे नीट सांभाळलेला नाही.

त्याच वर्षी, त्याच खात्याकडून सुटी घेऊन, वॉकर एव्हन्स हा लेखक जेम्स एजीबरोबर अलाबामा राज्यात गेला. 'फॉर्च्युन' मासिकासाठी कापूस पिकविणाऱ्या गरीब कुळांवर लेख करावयाचा होता. मासिकाने तो छापला नाही, आणि १९४१ मध्ये त्याचे पुस्तक झाले. पुस्तकाच्या आरंभी एव्हन्सची ३१ चित्रे आहेत, कोणत्याही चित्राखाली एकही शब्द नाही, आणि नंतर एजीचा प्रचंड मजकूर. त्या उन्हाळ्यातील एका चित्रात स्वयंपाकघराची फळ्यांची भिंत आहे. भिंतीवर आडवी पट्टी ठोकलेली, तिच्यामागे काटे-चमचे खोचून ठेवलेले. त्यांना ठेवायला दुसरी जागा नाही. हे चित्र रचनेच्या दृष्टीने स्ट्रँडच्या वाडग्यांहून उणे नाही, पण येथे लय सांगून वर्णन संपत नाही. पट्टी कोणीतरी मोजून ठोकली आहे. चमच्यांची संख्या घरातल्या माणसांविषयी बोलते. फळ्यांमधल्या फटींतून वारा येत असणार. बेन्यामिनने ज्या संबंधांची मागणी केली होती ते येथे एकाही माणसाच्या आकृतीविना आले आहेत. एजीने शब्दांत तेच केले. घरातील प्रत्येक वस्तूची, खणातल्या चिंध्यांपर्यंत, त्याने यादी दिली. टॅल्बटने धनिकाच्या कपाटाची केली होती तशी, पण ज्यांच्याकडे चोराने नेण्यासारखे काही नव्हते त्यांच्या घराची.

एव्हन्स वस्तूंना हात न लावण्याचे तत्त्व सांगत असे. १९८९ मध्ये जेम्स कर्टिस ह्या अभ्यासकाने एजीची यादी आणि एव्हन्सची चित्रे एकमेकांशी ताडून पाहिली आणि काही चित्रांत मांडणी बदलली गेली असावी असा निष्कर्ष काढला. विस्तवाच्या जागेवरील एका गजराच्या घड्याळाबद्दल तर पुढे एरल मॉरिस ह्या चित्रपटकाराने प्रदीर्घ चिकित्सा केली. घड्याळ एव्हन्सने ठेवले काय, कुटुंबाने पाहुण्यांसाठी मांडले काय, की एजीच्याच यादीतून ते निसटले, ह्याचा निर्णय लागलेला नाही. कर्टिसचा निष्कर्ष मान्य केला तरी त्याने एव्हन्सचे चित्र पडत नाही. पडतो तो त्याचा दावा. आणि दावा पडला म्हणजे चित्राची नैतिक जबाबदारी कमी न होता वाढते, कारण ज्या घरात पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य घरमालकिणीची वस्तू हलवितो, त्याने ती का हलविली हे सांगण्यास तो बांधलेला असतो. कॅमेऱ्याआड ही जबाबदारी लपविता येत नाही. 'छायाचित्रासारखे' असा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने कादंबरीकाराला खरोखर हाच प्रश्न विचारावयास हवा.

ह्याच एव्हन्सने १९५५ च्या जुलै महिन्यात, ज्याने १९३६ चा लेख नाकारला होता त्याच 'फॉर्च्युन' मासिकात, साध्या हत्यारांची पाच छायाचित्रे प्रसिद्ध केली. पत्रा कापण्याची कात्री, गवंड्याची थापी, पाना, पक्कड, लाकडी खोकी उघडण्याचे हत्यार. करड्या पार्श्वभूमीवर एकेक, पूर्ण पानभर, सावली जवळजवळ नाही. प्रथमदर्शनी ही रेंगरची कन्यारत्ने वाटतात. सोबतच्या छोट्या टिपणात एव्हन्सने त्यांच्या घाटाची स्तुतीही केली आहे. परंतु प्रत्येक चित्राखाली त्याने एक ओळ दिली आहे, आणि तिच्यात हत्याराची किंमत आहे. पक्कड २ डॉलर ४९ सेंट. कात्री, करणाऱ्या कंपनीच्या नावासह, १ डॉलर ८५ सेंट. थापी १ डॉलर ३५ सेंट. पाना जर्मन बनावटीचा, ५६ सेंट. खोकी उघडण्याचे हत्यार ६९ सेंट.